चार तळहातांवरची गाडी



जून महिना जवळ आला की तुमच्या घरी काय काय घडतं, आठवून पाहा बरं. छत्र्या आणि रेनकोट माळ्यावरून खाली येतात. शाळेचे काळे बूट पुसून कपाटात जातात आणि पावसाळी चपला बाहेर निघतात. तळाला खोल खाचा असलेल्या, भिजल्या तरी न बिघडणाऱ्या. पाय तेच, शाळा तीच, रस्ताही तोच. पण ऋतू बदलला म्हणून पायांतलं बदललं.

आमच्या मुळशी तालुक्यात हे फक्त माणसांचंच होतं असं नाही हं! भाताची लावणी आली की खाचरात चिखलणी सुरू होते. तेव्हा ट्रॅक्टरलासुद्धा लोखंडी पट्ट्यांची, पिंजऱ्यासारखी दिसणारी चाकं लावतात. रबरी चाक जिथे नुसतं गरगर फिरत राहील, तिथे ही चाकं चिखल कापत पुढे जातात. काम संपलं की ती काढून ठेवायची. डांबरी रस्त्यावर ती चालवली तर रस्त्याची साल निघेल!

म्हणजे आपण बूट बदलतो, ट्रॅक्टर चाकं बदलतो. मग मोटारीचं काय? ती कारखान्यातून जे टायर घालून येते, तेच टायर तिला सगळीकडे आणि कायम योग्य असतात का? ते झिजले की पुन्हा तसेच आणावेत, की अधिक चांगले? आणि ‘अधिक चांगले’ म्हणजे नेमके कसे? चला, आज याच प्रश्नांचा पिच्छा पुरवू या.

सगळा भार तळहाताएवढ्या जागेवर

ज्या मोटारीला मागे सामानाची वेगळी डिकी असते, तिला सेडान म्हणतात. काही सेडान दिसायला घरगुती असतात, पण त्यांच्या अंगात पळण्याची भारी रग असते. त्यांना म्हणतात स्पोर्ट्स सेडान. आपल्या पुणे जिल्ह्यातच, चाकणच्या कारखान्यात बनलेली फोक्सवॅगनची ‘व्हर्टस’ २०२२ मध्ये बाजारात आली. तिच्या १.५ लिटर इंजिनाची ताकद सुमारे १५० अश्वशक्ती. दीडशे घोड्यांचा रथ म्हणा ना!

पण गंमत अशी, की हे दीडशे घोडे कितीही उधळले, तरी रस्त्याला टेकलेलं काय असतं? फक्त चार टायर. आणि टायरसुद्धा पूर्ण टेकत नाहीत. एक सोपं गणित करू. समजा, गाडीचं वजन १,२०० किलो आहे. चार चाकांवर वाटलं, तर एका चाकावर आले ३०० किलो. टायरमध्ये ३२ पौंड दाबाची हवा आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो. आता ३०० ला २.२५ ने भागा. उत्तर येतं सुमारे १३३ चौरस सेंटिमीटर.

ही जागा किती मोठी? साध्या पोस्टकार्डापेक्षा किंचित मोठी. बाबांच्या पसरलेल्या पंजाएवढी! असे चार पंजे, आणि त्यांवर अख्खी गाडी, आत बसलेली माणसं आणि डिकीतलं सामान. गाडी पळते ती या चार पंजांच्या जोरावर, वळते त्यांच्या जोरावर आणि थांबते तीही त्यांच्याच जोरावर. ब्रेक कितीही महागाचा असो, तो फक्त चाक थांबवतो. गाडी थांबवतो तो टायर, बरं का!

‘सर्व ऋतू’ म्हणजे कुणाचे ऋतू?

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, पुष्कळ गाड्या कारखान्यातूनच ‘ऑल-सीझन’ म्हणजे सर्व ऋतूंचे टायर घालून येतात. १९७७ मध्ये गुडइयर कंपनीने तिथे ‘टिएम्पो’ नावाचा असा टायर बाजारात आणला. त्याआधी थंड प्रदेशांतल्या लोकांना हिवाळ्यात बर्फाचे टायर चढवायचे आणि उन्हाळ्यात उतरवायचे, असा दुहेरी कुटाणा करावा लागे. एकाच टायरवर वर्ष निघालं, तर कुणाला नको?

पण इथेच खरी मेख आहे. त्यांचे ‘सर्व ऋतू’ आणि आपले ‘सर्व ऋतू’ एकच आहेत का? त्यांच्या यादीत बर्फ असतो. म्हणून त्या टायरचं रबर थंडीतही मऊ राहील असं बनवतात, आणि बर्फ धरून ठेवायला त्यावर बारीक बारीक चिरा पाडतात. या चिरांमुळे टायरवरचे रबराचे ठोकळे थोडे लवचिक होतात आणि तापलेल्या कोरड्या रस्त्यावर जोरात वळताना ते अंग चोरतात. म्हणून वेगवान सेडानचे हौशी मालक असे टायर काढून कोरड्या आणि ओल्या रस्त्यावर अधिक पकड देणारे टायर बसवतात.

आपल्या यादीत मात्र बर्फ नाहीच. आपल्याकडे आहे एप्रिल-मेमध्ये तापलेलं डांबर, आणि मग पाऊस. पण कसा पाऊस? २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत आमच्या ताम्हिणी घाटात ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. तुमच्या तीस सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या एकीवर एक उभ्या करा. तेवढ्या उंचीला फक्त चार-साडेचार सेंटिमीटर कमी! पुणे शहरात वर्षभरात सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला तीनचतुर्थांश इथे एका दिवसात कोसळला.

तेव्हा पहिला धडा हा, की चांगला टायर कोणता ते जाहिरात ठरवत नाही. ते ठरवतो आपला रस्ता आणि आपला ऋतू. चांदणी चौकातून निघून भूगाव, पिरंगुट, पौड, मुळशी धरण आणि पुढे ताम्हिणीकडे जाणाऱ्या गाडीने टायरला सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारायचा : “पाण्यात तुझी पकड कशी आहे?”

खोडरबराचा नियम

मग कारखानेवाले सुरुवातीलाच सगळ्यात भारी टायर का बसवत नाहीत? त्यांचं काही चुकतं का? नाही, चुकत नाही. त्यांची गाडी पुण्यातही विकली जाणार, राजस्थानातही आणि केरळातही. कुणाला पेट्रोल कमी लागायला हवं, कुणाला टायर पुष्कळ वर्षं टिकायला हवा, कुणाला आवाज नको, आणि किंमत तर सगळ्यांनाच कमी हवी. म्हणून ते सगळ्यांचं थोडं थोडं ऐकतात आणि मधला मार्ग काढतात.

मधला मार्ग का काढावा लागतो, ते तुमच्या कंपासपेटीत पाहा. मऊ खोडरबर छान पुसतं, पण महिन्याभरात संपतं. कडक खोडरबर वर्षभर पुरतं, पण वहीवर नुसतं घसरतं. टायरचंही असंच. रबर मऊ केलं, तर पकड वाढते, पण टायर लवकर झिजतो. कडक केलं, तर टायर टिकतो, पण ओल्या रस्त्यावर घसरतो. एका बाजूला ओढलं की दुसऱ्या बाजूला उघडं पडणारं हे तोकडं पांघरूण आहे!

हे पांघरूण थोडं मोठं करण्यासाठी शास्त्रज्ञांनी किती खटपट केली म्हणून सांगू! नुसतं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवलं, तेव्हा ते टिकाऊ बनलं. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर तयार केला. पुढे रबरात काजळी मिसळू लागले. त्यामुळे टायर मजबूत झाला आणि काळाही झाला. १९९२ मध्ये मिशेलिन कंपनीने काजळीच्या बऱ्याच भागाऐवजी सिलिका वापरून टायर काढले. सिलिका म्हणजे वाळूत असतो तोच पदार्थ, पण अतिशय बारीक. त्यामुळे ओल्या रस्त्यावरची पकड न गमावता इंधनही वाचू लागलं. आजच्या चांगल्या टायरमागे ही सगळी मंडळी उभी आहेत.

आता तर टायरला चक्क परीक्षा द्यावी लागते! पौड रस्त्याने पुण्यात शिरताना वेताळ टेकडी दिसते ना? तिच्यावर १९६६ साली स्थापन झालेली ‘एआरएआय’ ही वाहनांची तपासणी आणि संशोधन करणारी संस्था आहे. लोक टेकडीलाही ‘एआरएआय टेकडी’च म्हणतात. वाहनांची मानकं ठरवणाऱ्या समितीचं कामकाज ही संस्था सांभाळते. त्यांतल्या ‘एआयएस-१४२’ या मानकात टायरला तीन विषय आहेत : फिरताना किती ऊर्जा वाया घालवतो, ओल्या रस्त्यावर पकड कशी, आणि आवाज किती. २०२२ मध्ये केंद्र सरकारने हे तीन विषय सक्तीचे करण्याचा नियम काढला. युरोपात तर २०१२ पासून टायरवर याच तीन विषयांची गुणपत्रिकाच चिकटवलेली असते.

पण तुम्हांला ठाऊकच आहे, पास होणं वेगळं आणि पहिला नंबर काढणं वेगळं. मुळशीच्या पावसात गाडी चालवायची, तर ‘ओल्या पकडी’च्या विषयात पहिल्या बाकावर बसणारा टायर शोधायचा.

एका सेकंदात दहा लिटर

टायरवरच्या खाचा शोभेसाठी नसतात. समजा, रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचलंय. टायर २०५ मिलिमीटर रुंद आहे आणि गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललीय. म्हणजे ती एका सेकंदात १६.६७ मीटर पुढे जाते. लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार करा. प्रत्येक पुढच्या टायरला दर सेकंदाला दहा लिटरहून अधिक पाणी बाजूला सारावं लागतं! आंघोळीची छोटी बादली, दर सेकंदाला एक.

हे पाणी खाचांतून निघून गेलं, तर रबर रस्त्याला टेकतं. खाचा झिजल्या असतील, तर पाणी जाणार कुठे? ते टायरखाली पाचरीसारखं घुसतं आणि टायरला उचलून धरतं. गाडी रस्त्यावर नव्हे, पाण्यावर तरंगू लागते! स्टिअरिंग फिरवा, ब्रेक दाबा, काही उपयोग होत नाही. याला ‘हायड्रोप्लेनिंग’ म्हणतात. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून याचं एक सूत्र काढलं. खाचांत मावणार नाही इतकं पाणी रस्त्यावर असेल, तेव्हा ते लागू पडतं. हवेच्या दाबाचं वर्गमूळ काढा आणि त्याला साधारण १६.६५ ने गुणा. किती वेगाला चाक तरंगू लागेल, ते किलोमीटरमध्ये कळतं. दाब ३६ पौंड असेल, तर वर्गमूळ ६ आणि वेग ताशी सुमारे १००. दाब उतरून २५ झाला, तर वर्गमूळ ५ आणि वेग फक्त ८३. हा अंदाज आहे, प्रत्येक गाडीला तंतोतंत लागू होईल असं नाही. पण हवा कमी असली की गाडी लवकर तरंगते, एवढं नक्की.

म्हणून नवे भारी टायर घेऊन हवा न तपासणं, म्हणजे नवी छत्री आणून ती बंदच ठेवण्यासारखं आहे.

टायरच्या अंगावरचं गणित

टायर बदलताना दुकानात एक मोह होतो. “अजून रुंद बसवा की! गाडी कशी भारदस्त दिसेल!” थांबा. आधी टायरच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचू. समजा, तिथे लिहिलंय २०५/५५ आर १६ ९१ व्ही. (टायरवर ही अक्षरं आणि आकडे इंग्रजी असतात.)

२०५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ५५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल, ही आतल्या दोऱ्यांची मांडणी. १६ म्हणजे मधल्या रिमचा व्यास, इंचांत. ९१ म्हणजे तो टायर ६१५ किलो भार पेलतो आणि ‘व्ही’ म्हणजे ताशी २४० किलोमीटर वेगापर्यंत तो चालतो.

आता या चाकाचा व्यास काढा. १६ इंच म्हणजे ४०६.४ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची भिंत मिळवा. एकूण सुमारे ६३२. म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी जवळजवळ दोन मीटर पुढे जाते!

याच्या जागी २२५/५५ आर १६ बसवला, तर व्यास होतो ६५४. मग वेगाचा काटा ८० दाखवेल, तेव्हा गाडी खरं तर ८३ च्या आसपास धावत असेल. काटा खोटं बोलू लागला! शिवाय चाक आत कुठे तरी घासण्याची भीती. पण २२५/५० आर १६ घेतला, तर व्यास पुन्हा ६३१ च्या वर येतो. म्हणून रुंदी वाढवली तर भिंत कमी करायची, हा हिशेब. तेही रिम आणि गाडी बनवणाऱ्यांनी परवानगी दिली असेल तरच. भार आणि वेग यांचे आकडे मूळच्यापेक्षा कमी तर मुळीच घ्यायचे नाहीत.

आणि रुंद टायर पावसात नेहमी सरस ठरतो असंही नाही. त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. भिंत फार कमी केली, तर खड्ड्यात आदळून रिम वाकते. खड्ड्यांची ओळख तुम्हांला करून द्यायला नकोच!

पाच मीटर आणि सोळा मीटर

एवढा खटाटोप करून मिळतं काय? पुन्हा गणित. गाडी ताशी ६० वेगाने येतेय आणि ब्रेक लागला. कोरड्या रस्त्यावर घर्षण ०.८ धरलं, तर ती १८ मीटरांच्या आत थांबते. क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा कमी अंतर. ओल्या रस्त्यावर साध्या टायरचं घर्षण ०.५ धरलं, तर लागतात २८ मीटर. मोठ्यांच्या खो-खोच्या मैदानाची लांबी २७ मीटर असते, त्याहून जास्त! आता ओल्यात चांगली पकड देणारा टायर घेऊ आणि घर्षण ०.६ धरू. अंतर येतं साडेतेवीस मीटर. वाचले पाच मीटरांच्या जवळपास. एका मोटारीच्या लांबीएवढे.

पाच मीटर म्हणजे थोडे नव्हेत. घाटातल्या वळणापलीकडे अचानक म्हैस आली, तर तिच्या आणि गाडीच्या मधलं तेच अंतर असतं.

पण याच गणितातली खरी गंमत पुढे आहे. टायर साधेच ठेवा, घर्षण ०.५ च धरा आणि वेग ६० वरून ४० वर आणा. अंतर किती? फक्त साडेबारा मीटर! म्हणजे वाचले जवळजवळ सोळा मीटर. भारी टायरच्या तिप्पट फायदा, आणि खर्च शून्य रुपये. चांगला टायर जोरात जाण्याचा परवाना नाही. चूक झालीच, तर सावरायला मिळणारी ती थोडीशी जागा आहे.

करून पाहा

हे काम तुम्हीसुद्धा करू शकता. गाडी बंद असताना, सपाट जागी, मोठ्या माणसाला सोबत घेऊनच हं!

१. टायरच्या मोठ्या खाचेत पट्टी उभी धरा. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर खोल असते. खाचेच्या तळाशी मधे मधे छोटे उंचवटे दिसतील. ते १.६ मिलिमीटर उंच असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, की टायरचा ‘गोटा’ झाला. मोटारीसाठी ती कायद्याची शेवटची हद्द आहे. ताम्हिणीच्या पावसात मात्र हद्दीपर्यंत वाट पाहू नये.

२. टायरच्या कडेला ‘डीओटी’ने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटचे चार आकडे २३२४ असतील, तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. टायर वापरला नाही तरी त्याचं रबर हळूहळू कडक होतं. नवा टायर घेताना हे आकडे आधी वाचायचे.

३. दारावर किंवा पेट्रोलच्या झाकणापाशी हवेच्या दाबाचा तक्ता चिकटवलेला असतो. तो वहीत लिहून घ्या. हवा टायर थंड असताना तपासायची, आणि स्टेपनीला विसरायचं नाही!

४. दोनच टायर बदलणार असतील, तर नवे टायर मागे बसवायचे. का? सायकल चालवताना पुढे-मागे कुठलंही चाक घसरलं तरी आपण पडतोच. मोटारीचं पुढचं चाक घसरलं, तर ती सरळ जाते आणि वेग कमी केला की बहुधा सावरते. मागचं घसरलं, तर ती भोवऱ्यासारखी फिरते.

५. काही टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, काहींवर ‘आउटसाइड’ म्हणजे ‘ही बाजू बाहेर’ असं लिहिलेलं असतं. बसवून झाल्यावर ते बरोबर आहे ना, एकदा पाहा. आणि गाडीच्या मालकाला सांगा, की नव्या टायरवर पहिले शंभरएक किलोमीटर जपून जायचं. साच्यातून निघताना त्यावर आलेला गुळगुळीतपणा जायला तेवढा वेळ लागतो.

तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी मोटार नसेलही. मग हे सगळं तुम्ही कशाला वाचलंत? तर पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधबे पाहायला शेकडो गाड्या मुळशीकडे येतात. लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर सांडलेला असतो. आणि त्याच रस्त्याच्या कडेने, छत्री सावरत, माझ्या शाळेतली मुलं चालत असतात. गाडीचा टायर चांगला असतो, तेव्हा तो आत बसलेल्यांच्या जितका उपयोगी पडतो, तितकाच बाहेर चालणाऱ्यांच्याही.

तेव्हा या पावसाळ्याआधी घरची, शेजारची, मामाची, नाहीतर शाळेच्या व्हॅनची चाकं वाकून पाहा. सायकल असली तरी चालेल, तिच्याही टायरला खाचा असतात. कुठे गोटा टायर दिसला, तर लाजू नका. सरळ सांगा : “काका, तुमच्या गाडीच्या पावसाळी चपला झिजल्यात!”